बारदान

रस्त्यात कोणी भेटलं की आपण त्याचं तोंड पाहतो. आमच्या घरमालकीण काकू गाड्यांचे पाटे पाहायच्या. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर बसवलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर सगळा भार येतो. काकूंबरोबर भाजीला निघालं की त्या मध्येच गायब व्हायच्या. वळून पाहावं तर बाई पदर खोचून एखाद्या उभ्या पिकअपच्या मागे उकिडव्या बसलेल्या. "इकडे ये, पाह्य," त्या मला हाक मारायच्या. "पाटे सपाट झाले. आता उलटे होतीन. एवढं भरते काय कोनी?" त्या गाडीचा ड्रायव्हर शेजारच्या टपरीवर चहा पीत असायचा. त्याला वाटायचं, बाईंचं काही हरवलं. तो विचारायचा, "क्या गिर गया काकी?" काकू हात झटकत उठायच्या आणि म्हणायच्या, "अभी नहीं गिरा. गिरेगा."

राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणजे नेमकं काय झालं हे अजून रायपूरलाच कळलेलं नव्हतं. रस्ते खणलेले, पाट्या नव्या, आमच्या ऑफिसातली टेबलं भोपाळहून आलेली आणि त्यांच्या खणांच्या चाव्या भोपाळलाच राहिलेल्या. मी वर्ध्याचा. नोकरी लागली, पण राहायला जागा मिळेना, कारण राजधानी झाल्याची बातमी घरमालकांना सगळ्यांच्या आधी पोचली होती. कोणीतरी सांगितलं, गुढियारीत मालधक्क्याच्या अंगाला एक मराठी बाई आहे, खोली देते, पण डोकं खाते. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

काकूंची मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर फंडाचे पैसे हातात आले तेव्हा अकोल्याच्या भावानं येऊन दोन दिवस मुक्काम ठोकला आणि सोनं घे, सोनं घे म्हणून कान किटवले. भाऊ परत गेला आणि काकूंनी पिकअप घेतली. "सोनं घेऊन काय करू, चाटू? गाडी रोज सकाळी उठून कामाले जाते," असं त्यांचं म्हणणं. गाडी तांदूळ वाहायची. गुढियारीतल्या एका सेठच्या गोदामातून तांदळाचे कट्टे, म्हणजे चाळीस किलोची पोती, शहराबाहेरच्या उरला भागातल्या कारखान्यांकडे जायची. तिथल्या एका रोलिंग मिलच्या कँटीनचं काम काकूंकडे होतं. बाकीचे पिकअपवाले एका खेपेत पन्नास-पन्नास कट्टे नेत. काकू चोवीस नेत. मग परत येऊन दुसरी खेप. डिझेल दुप्पट, वेळ दुप्पट, आणि वर हमालांचं हसू.

पहिल्यांदा मीही हसलो होतो. गाडीचं आरसी बुक चाळताना मला एक आकडा दिसला आणि मी म्हणालो, "काकू, इथं सत्तावीसशे किलो लिहिलंय. तुमचे चोवीस कट्टे धड हजार किलोसुद्धा होत नाहीत. कशाला घाबरता?"

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आन् गाडी कोनाच्या खांद्यावर नेतो?"

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि शिकवलं. त्यांचं शिकवणं म्हणजे समोरच्यानं ‘कळलं’ म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून. सत्तावीसशे हे सगळ्यासकट. त्यात नुसती गाडीच सोळाशेची. राहिले अकराशे. त्यातून ड्रायव्हर वजा. गाडी घेतल्यावर मागे लोखंडी जाळी ठोकून घेतली, ती वजा. ताडपत्री, दोर, जॅक, पाण्याची कॅन, तेही वजा. एवढं सगळं वजा करून जे राहील तो माल. "लोक शेवटचा आकडा वाचतात आन् भरत सुटतात," त्या म्हणाल्या. "वजाबाकी कोनी करतच नाही. शाळेत सगळ्याइले येत होती."

गाडीला त्यांचा शब्द होता बारदान. धान्याच्या बाजारात पोत्याच्या स्वतःच्या वजनाला बारदान म्हणतात. शेतकऱ्याकडून धान घेताना व्यापारी दर पोत्यामागे बारदान कापून घेतो, त्यात कधी चुकत नाही. यावरून काकूंनी सेठला एकदा भर गोदामात धरलं. सेठ गोरेगोमटे, गळ्यात साखळी, स्वभावानं वाईट नव्हते, फक्त घाईत असत. काकूंची गाडी चोवीस कट्ट्यांवर थांबली की त्यांच्या पोटात दुखायचं.

"सेठजी, कट्टे का बारदाना काटते हो ना?" काकूंनी विचारलं.

"वो तो धंदे का नियम है, काकी."

"फिर गाड़ी का काहे नहीं काटते?"

"गाड़ी कोई बारदाना है क्या?"

"और क्या है? पका के खाओगे?"

हमाल पोती खाली ठेवून हसायला लागले. सेठही हसले, आणि जाता जाता आपल्या स्वतःच्या पिकअपमध्ये बावन्नावा कट्टा टाकायला सांगून गेले.

काकूंचं खरं वैर माणसांशी नव्हतं, एका शब्दाशी होतं. तो शब्द रायपुरात हवेसारखा सगळीकडे असतो. नळाला पाणी कमी, चलता है. गाडीचा एक दिवा बंद, चलता है. आम्ही मराठी लोकही तिथं राहून तेच म्हणतो, फक्त ‘चालते’ म्हणतो. माझ्या खोलीतला फ्यूज सारखा उडायचा म्हणून मी एकदा त्यात जाड तार गुंडाळली. काकूंना बरोबर वास लागला.

"हे काय करून ठेवलं?"

"चालते काकू, दोन दिवस."

"चालते? कोन चालते? तार चालते का तू चालते? आग लागली का सगळेच चालत सुटतीन." आणि मी बघत असताना त्यांनी ती तार ओढून काढली. रात्रभर मला पंखा मिळाला नाही. सकाळी मात्र चहाबरोबर नवा फ्यूज ठेवलेला होता.

त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं, हे मी खरंच सांगतो. गॅसचं सिलिंडर आलं की डिलिव्हरीवाल्याला थांबवून त्यावरचा रिकाम्या टाकीचा आकडा मोठ्यानं वाचणार आणि वजन करून घेतल्याशिवाय त्याला सोडणार नाहीत. लग्नाला गेल्या तर नवरीपेक्षा मंडपाचं सामान आणलेल्या गाडीबद्दल जास्त बोलणार. गणपतीत पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पोरं विसर्जनासाठी पिकअप मागायला आली तेव्हा काकूंनी गाडी दिली, पण सांगितलं, "गनपती बसन आन् भुनेसर बसन. बाकी सगळे पायी. मालाच्या गाडीत मानसं नाही बसत." पोरं तोंडं वाकडी करून गेली. मिरवणुकीत काकू स्वतः गाडीच्या मागे चालत होत्या, देवापेक्षा पाट्यांवर लक्ष ठेवून.

भुनेसर हा त्यांचा ड्रायव्हर. धमतरीकडच्या खेड्यातला, अंगानं बारीक, बोलणं कमी. तो आधी दुसऱ्या एका मालकाकडे होता. मालक गाडी डोक्याएवढी भरायचा आणि हा चालवायचा. एकदा उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि गाडी एका भिंतीत घुसली. माणूस कोणी दगावलं नाही, पण भुनेसरचं लायसन काही महिने बंद झालं, त्यावर शेरा बसला आणि मालकानं सरळ सांगितलं की ड्रायव्हरनं स्वतःच्या मनानं जास्त भरलं होतं. मग तो सायकल रिक्षा ओढू लागला. लायसन परत मिळालं तरी काम मिळेना, कारण तो जिथं जाई तिथं आधी आपली अट सांगे. काकूंकडे आला तेव्हाही दारातच म्हणाला, "जादा भरहू त मंय नइ चलावंव, काकी." जास्त भराल तर मी चालवणार नाही. आजवर त्याला या वाक्यावर लोकांनी हाकललं होतं. काकूंनी आत बोलावून पोहे दिले. मला नंतर म्हणाल्या, "देवानंच धाडला."

त्याला आणखी एकदा जरी शेरा बसला असता तरी त्याचं लायसन कायमचं गेलं असतं. हे काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि भुनेसरला तर झोपेतही माहीत होतं. घरी त्याच्या दोन मुली शाळेत जात होत्या. काकूंच्या चोवीस कट्ट्यांच्या हट्टामागे नुसता स्वभाव नव्हता, हा माणूसही होता. पाऱ्यातल्या लोकांना फक्त स्वभाव दिसायचा.

आता उरल्याचा तो दिवस सांगतो. मिलच्या कँटीनला नवा मॅनेजर आला होता आणि त्यानं निरोप धाडला होता की सगळा तांदूळ एकाच खेपेत हवा, नाहीतर दुसरी गाडी बघतो. काकू म्हणाल्या, मी स्वतः भेटते. त्यांनी ठेवणीतली निळी साडी नेसली, पर्स घेतली. मला सुट्टी होती, म्हणून मीही निघालो आणि केबिनचं दार उघडलं.

"तू कुठं?" काकूंनी मला खाली ओढलं. "तुह्यं वजन बसत नाही. आपल्या स्कूटरवर ये मांगून."

असं म्हणून त्या स्वतः आत बसल्या आणि दार लावून घेतलं. एरवी त्या सवारीच्या टेम्पोनं जात. भुनेसर एक क्षण स्टिअरिंगवर हात ठेवून थांबला, काकूंकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि गाडी चालू केली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही. माझ्या स्कूटरच्या ब्रेकवर काकूंचा विश्वास नव्हता, एवढंच मला माहीत होतं.

उरल्याच्या अलीकडे धर्मकाट्यापाशी, म्हणजे जिथं अख्खी गाडी लोखंडी फळीवर उभी करून तोलतात तिथं, परिवहन खात्याची जीप लागलेली होती. एक तरुण साहेब मालाची प्रत्येक गाडी काट्यावर घेत होते. रांगेत आमची गाडी पुढे, तिच्या मागे सेठची पिकअप, आणि आज नेमके सेठही तिच्यात बसलेले. काकू खुशीत होत्या. खिडकीतून तोंड बाहेर काढून मला म्हणाल्या, "आता पाह्य मजा. आपली झाली का मंग सेठची."

आमची गाडी फळीवर चढली. काट्याच्या खिडकीत लाल आकडे पळाले आणि थांबले. सत्तावीसशे पन्नास.

काकूंना वाटलं काटा बिघडलाय. त्यांनी केबिनमधूनच तसं सुनावलं. पुन्हा घेतलं, तेवढंच. मग त्यांनी मला कट्टे मोजायला लावले. चोवीसच होते. ताडपत्री रोजचीच, दोर रोजचा. काकूंच्या कपाळावर घाम आला. इतकी वर्षं सगळ्या गुढियारीला वजाबाकी शिकवलेल्या बाई, आणि त्यांचीच गाडी पन्नास किलोनं जास्त. मागून सेठ उतरून आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

तेवढ्यात काट्याच्या खिडकीतल्या माणसानं, काही मनात न ठेवता, विचारलं, "काकी भी बैठी है क्या अंदर?"

आधी सेठच्या गाडीवरचा एक हमाल हसला, मग सगळे. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हळूच भुनेसरकडे पाहिलं.

"तुम को मालूम था?"

"हव," तो खाली बघत म्हणाला.

"फिर बोले काहे नहीं?"

भुनेसरनं गमछ्यानं स्टिअरिंग पुसलं. मग म्हणाला, "काकी के वजन ला कइसे पूछतेंव?"

मला त्या क्षणी त्याचा राग आला नाही आणि काकूंचाही आला नाही. त्यांच्यात एवढा मान होता की त्या मानापायी गाडी जास्त भरली गेली. ड्रायव्हर मोजला, दोर मोजला, पाण्याची कॅन मोजली. माल मोजला, मालकीण कोणी मोजली नाही.

साहेबांना काकूंची ख्याती ठाऊक असावी. त्यांनी हसून हात हलवला. "जाइए काकी. इतना चलता है."

काकूंचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यभर ज्या शब्दाशी भांडल्या तो आज त्यांच्या बाजूनं बोलला होता. भुनेसरनं सुटल्यासारखा श्वास घेतला. मीही मनात म्हटलं, काकू, आज एक दिवस चालू द्या. आणि नेमके तेव्हाच सेठ पुढे झाले.

"वाह साहब. इनका चलता है, तो हमारा भी चलता है."

साहेबांचं हसू गेलं. रांगेतले बाकीचे ड्रायव्हरही माना बाहेर काढून ऐकत होते. आता कोणालाच सोडता येणार नव्हतं. साहेबांनी भुनेसरपुढे हात केला. लायसन बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "पहले भी हुआ है? अब तो ये गया समझो." भुनेसर साहेबांच्या हातातल्या लायसनकडे बघत राहिला.

काकू केबिनमधून उतरल्या. "सेठजी बराबर बोलते हैं," त्या म्हणाल्या. "जास्ती है तो लिखिए. मगर मेरे नाम पे लिखिए."

"काकी, गाड़ी ये चला रहा था."

"चला रहा था. चढ़ी मैं."

"मना करना ड्रायव्हर का काम है."

"पगार मैं देती हूँ, ये मेरे को मना करेगा? आप अपने साहब को मना करते हो?"

साहेब कायदा सांगू लागले, कागद काढू लागले. काकूंनी भुनेसरला खूण केली, गाडी पुढे घे. गाडी फळीवरून उतरली. सेठची पिकअप चढायला निघाली तशा काकू ठेवणीतल्या निळ्या साडीनिशी फळीच्या बरोबर मध्ये गेल्या आणि मांडी घालून बसल्या. एवढ्या मोठ्या लोखंडी फळीवर एकटी बाई, मांडीवर पर्स. खिडकीत लाल आकडे पळाले आणि थांबले. साठ.

"ये देखो," काकू म्हणाल्या. "ये बैठा है तुम्हारा जास्ती का माल. गाड़ी में नहीं है, ड्रायव्हर में नहीं है. इसकी पावती फाड़ो. तब तक मैं उठती नहीं."

मागे हॉर्न सुरू झाले. रांग वाढत गेली. साहेब आधी चिडले, मग समजावू लागले, मग जीपमध्ये जाऊन बसले, मग परत आले. ऊन चढलं, फळी तापली. मी छत्री घेऊन गेलो तर काकूंनी मला हाकललं, "तू नोको चढू, आकडा बदलते." शेवटी कागदावर कारणाच्या जागी लिहिलं गेलं की वाहनाच्या मालकीण केबिनमध्ये बसल्यानं भार वाढला, ड्रायव्हरचा दोष नाही. दंड मालकिणीवर. लायसन नव्या शेऱ्याविना परत मिळालं. काकूंनी ते स्वतः भुनेसरच्या खिशात घातलं, आणि तो ज्या तऱ्हेनं खिशावर हात दाबून उभा राहिला ते बघून मला रडू आलं. खरंच आलं, लपवत नाही.

"गाडी ने तू," काकू त्याला म्हणाल्या. "मी चालते." आणि त्या उरल्याच्या धुळीतून मिलपर्यंत पायी गेल्या, मी स्कूटर हातात ढकलत मागे. काकू उठताच सेठची पिकअप काट्यावर तोलली गेली आणि तिच्यातले निम्मे कट्टे रस्त्याच्या कडेला उतरवावे लागले. सेठचा मालही त्याच मिलला निघाला होता, पण मॅनेजरला त्या दिवशी तांदूळ मिळाला तो आमचाच, त्यामुळे एका खेपेची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

काकू या प्रकारानं सुधारल्या का, असं मला पुष्कळांनी विचारलं. छे. उलट जास्त बिघडल्या. आता त्या बारदानात स्वतःलाही धरू लागल्या आणि सदर बाजारात साडीच्या दुकानात सुद्धा न विचारता आपलं वजन सांगू लागल्या. पण त्यांना एक गोष्ट आतून लागून राहिली होती. कधीकधी संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायच्या, "त्याले माहीत होतं रे. माहीत असून बोलला नाही. म्हंजे मी त्या पहिल्या मालकाहून काय येगळी झाली?" मी काही तरी बोलून वेळ मारून न्यायचो.

माझी बदली व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. सकाळी ऑफिसला जाताना मी गोदामापाशी थांबलो होतो. कट्टे भरून झाले होते, सेठ दारात उभे होते, काकू हमालांशी बोलता बोलता, बोलण्याच्या नादात, केबिनमध्ये चढून बसल्या. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सेठ दुसरीकडे बघू लागले.

भुनेसरनं चालू केलेली गाडी बंद केली. किल्ली काढून हातात घेतली.

"काकी," तो म्हणाला, "उतर जव."

आवाज त्याचा नेहमीसारखाच खालचा होता, पण हमाल जागच्या जागी थांबले. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली नाही. काकू उतरल्या, निऱ्या नीट केल्या, दार लावलं. गाडी निघून गेली. मी जवळ गेलो तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा असा फुललेला होता की मुलीच्या लग्नात सुद्धा तो तसा नव्हता, असं पाऱ्यातल्या बायका पुढे म्हणत.

"आयकलं न तू?" त्यांनी माझा दंड धरला. "उतरवलं मले त्यानं." मग सेठकडे वळून, अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सेठजी, सुने ना? मेरा ड्रायव्हर मेरे को उतारता है."